दातांच्या डॉक्टरकडचा सांधा

बाबा गेल्यावर तीन आठवडे घरात माणसांची रीघ होती, आणि आलेला प्रत्येक जण मला हेच सांगून गेला की माणूस सुखाने गेला. झोपेत गेला, कुणाला उठबस करायला लावली नाही, शेवटपर्यंत ताठ राहिला. मी मान हलवायचे आणि चहा ठेवायचे. ते सुखाने गेले की नाही हे मला माहीत नव्हतं. ते एकाच गोष्टीवर अवलंबून होतं आणि ती गोष्ट त्यांना जिवंतपणी विचारायची माझी छाती झाली नाही. आठ महिने मी त्यांच्या मागून जाऊन त्यांनी केलेलं काम खोलत होते आणि परत करत होते. त्यांना ते कळलं होतं का, एवढंच मला हवं होतं.

बाबा प्लंबर. मीही प्लंबर. दार उघडणारा माणूस अजूनही माझ्या खांद्यावरून मागे बघतो, खरा प्लंबर जिन्यात आहे की काय म्हणून. सुरुवातीला मागे खरंच बाबा असायचे, त्यामुळे लोकांचं समाधान व्हायचं. पुढे मी एकटी जायला लागले, तेव्हा एकीने मला विचारलं, "तुमचे मिस्टर कधी येणार?" मी म्हटलं, "मला मिस्टर नाहीत, पाना आहे." बाबांना हे सांगितल्यावर ते आठवडाभर हसत होते. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, अगदी दूध टाकणाऱ्यालाही.

काम मात्र ते जुन्या वळणाचं करायचे. हल्ली पाइपच्या आट्यांवर पांढरी टेप गुंडाळतात, दोन मिनिटांत मोकळे. बाबांना टेपचा राग. ते आट्यांवर तागाचा धागा गुंडाळायचे, आटे फिरतात त्याच अंगाने, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, वर सफेद्याची पांढरी लुगदी लावायचे आणि मग पाना. सांधा आवळून झाला की बाहेर आलेले धागे ब्लेडने कापायचे, फडक्याने पुसायचे, खाली एक कोरडा कागद ठेवायचे आणि स्वस्थ बसायचे. पंधरा मिनिटांत कागदावर ठिपका पडला की सगळं खोलायचं. शिकताना आमच्याच स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा सांधा त्यांनी माझ्याकडून अकरा वेळा खोलून परत करून घेतला. प्रत्येक वेळी वरून आवाज यायचा, "गळतोय! परत कर!" नवव्या वेळी मला रडू फुटलं. तर म्हणाले, "रडू नकोस, आटे ओले होतात." असा माणूस! बाराव्या वेळी कागद कोरडा राहिला. त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला, शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत.

त्याआधीचं त्यांचं आयुष्य नदीवर गेलं होतं. नदीच्या वळणावर एक क्लब आहे, तिथून ते शर्यतीत होडी वल्हवायचे. ही होडी अरुंद असते, तिच्यात बसत नाहीत, एक गुडघा टेकून राहायचं आणि एकाच बाजूने वल्हं मारायचं. बाबा डाव्या बाजूचे. त्यामुळे डावा खांदा उजव्याच्या दीडपट आणि डावा गुडघा चाळिशीतच कामातून गेलेला. शिंपी म्हणायचा, एका माणसाचे दोन शर्ट शिवतोय मी. मी लहान असताना डाव्याच खांद्यावर बसायचे, कारण तिथे जागा ऐसपैस होती. रविवारी ते मला नदीवर न्यायचे, क्लबच्या रुंद होडीत पुढे बसवायचे आणि मागून वल्हवत एखादं गाणं म्हणायचे. आवाज अगदी भसाडा. मी ओरडायचे, "बाबा, वल्हवा, गाऊ नका!" तरी ते गायचेच. त्या वेळी माझ्याइतकं सुखी जगात दुसरं कुणी नसेल, असं मला आजही वाटतं.

जोडीच्या होडीत त्यांचा साथीदार होता लंबू. खरं नाव कुणी घेत नसे. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच, आणि बाबा त्याच्या काखेखालून जातील एवढे. लंबू पुढे, बाबा मागे. पुढचा ताल धरतो, मागचा होडी सरळ ठेवतो. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. पाच वर्षं दोघं एकत्र होते आणि मोठ्या शर्यतीत अंतिम फेरीपर्यंत गेले. तिथे अर्धं अंतर कापलं आणि लंबूचा खांदा निखळला. तो वल्हं नुसतं पाण्यात घालून काढत होता, जोर काहीच नव्हता. बाबांना ते मागून दिसलं. त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. उरलेलं अंतर एकट्याने दोघांचं ओढलं, एका बाजूने ओढल्यावर होडी वळते म्हणून प्रत्येक फटक्याला ती सरळही केली. दुसरे आले. काठावर लोकांनी दोघांना उचलून घेतलं.

ही गोष्ट बाबांनी मला शंभरदा सांगितली असेल, आणि दर वेळी शेवटी म्हणायचे, "त्याला कळूसुद्धा दिलं नाही मी." मग चेहरा पडायचा. कारण दुसऱ्याच दिवशी लंबूने क्लबमधलं आपलं कपाट रिकामं केलं आणि निघून गेला. पुन्हा होडीला हात लावला नाही, आमच्या घराची पायरी चढला नाही. चार रस्ते पलीकडे त्याचं चष्म्याचं दुकान होतं. बाबा त्या रस्त्याने जायचं टाळायचे. "काय चुकलं माझं?" असं मला विचारायचे, जशी मीच तेव्हा होडीत होते! मी म्हणायचे, "तुमचं काही चुकलं नाही बाबा, तो माणूसच कृतघ्न." मला लंबूचा लहानपणापासून राग होता. आणि बाबांनी जे केलं त्याहून मोठं प्रेम असू शकत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा हात थरथरायला लागला. आधी कप वाजायचा बशीवर, मग बटणं लागेनात. डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. बाबांनी गोळ्या घेतल्या, पिशवी उचलली आणि कामावर गेले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, त्याला घरी बस म्हणणार कोण? एके दिवशी दातांच्या डॉक्टरचा मला फोन. बाबा वर्षानुवर्षं त्याच्याकडे जायचे. "अहो, काल तुमच्या वडिलांनी बेसिनखाली काम केलं. पाणी येतंय. त्यांना कसं सांगू, म्हणून तुम्हाला केला."

मी दुपारच्या सुट्टीत गेले. खाली पडून सांधा खोलला. धागा गोळा होऊन बसला होता, उलट्या अंगाने गुंडाळलेला. उलट्या अंगाने! पहिल्या दिवशी शिकतात ते. दुसरा कुणी असता तर मी त्याचा उद्धार केला असता. पलीकडच्या खोलीत डॉक्टरचं यंत्र सुं सुं करत होतं आणि मी फरशीवर पडून रडत होते. मग उठले आणि सांधा नवा केला. टेप वापरली असती तर बाबांना दिसलं असतं, म्हणून धागा आणि सफेदा घेतला, त्यांनी शिकवला तसा, वेढ्याला वेढा लावून. बाहेरचे धागे कापले, पुसलं, कागद ठेवला. कागद कोरडा. डॉक्टरला बजावलं, "बाबांना कळता कामा नये."

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं केलंस. ह्यांना कळलं तर हाय खातील." तिथून आमचा दोघींचा कट सुरू झाला. बाबा सकाळी कुठे गेले ते आई मला फोनवर कळवायची, आणि दुसऱ्या दिवशी, ते गुडघ्याला शेक देत बसलेले असताना, मी तिथे हजर. सांगायचे काय, तर कंपनीकडून तपासणी आहे. कसली कंपनी! बेकरीवाली एकदा म्हणालीच, "वडील येतात, मग तुम्ही येता. एका नळाला दोन माणसं. नळ चांगला झाला समजू की बिघडला?" मी हसून वेळ मारून नेली. माझी स्वतःची कामं होतीच, ती मी पहाटे उठून उरकायचे. जेवताना डोळे मिटायचे. पण बाबा संध्याकाळी घरी येऊन म्हणायचे, "आज तीन कामं केली," आणि त्यांचा चेहरा उजळलेला असायचा, निदान मला तसा दिसायचा. त्यासाठी मी कितीही सांधे केले असते.

एकदाच, दुसऱ्या महिन्यात, वाटलं की आता पकडली जाणार. दातांच्या डॉक्टरकडे दुसरं बेसिन बसवायचं होतं आणि त्याने, बावळटासारखं, परत बाबांनाच बोलावलं. म्हणजे बाबा तिथे आडवे पडून माझा सांधा नाकासमोर बघणार. मी दिवसभर हवालदिल. संध्याकाळी बाबा आले, हातपाय धुतले, जेवले, डॉक्टरच्या टकलावर काहीतरी बोलले. मला हायसं वाटलं. तोच धागा, तोच सफेदा, काय कळणार?

असे आठ महिने गेले. मग एका सोमवारी बाबांनी पिशवी जिन्याखाली सरकवून ठेवली. म्हणाले, "गुडघा ऐकत नाही आता. तू बघ सगळं." एवढंच. मला बरं वाटलं. हे मला लिहायलाच हवं, कारण त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मला सुटल्यासारखं झालं, त्या दिवशी मी पोटभर झोपले. नंतर चार महिने ते खिडकीतल्या खुर्चीत बसून होते. जेवायचे, बातम्या ऐकायचे, थट्टा करायचे, पण त्यांचे हात मांडीवर पडलेले असायचे, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखे. आणि मला राहून राहून वाटायचं, गुडघा तर तीस वर्षं दुखतोय, त्या सोमवारीच काय झालं? विचारावंसं वाटायचं. उद्या विचारू म्हणायचे. एक दिवस सकाळी आईने हाक मारली आणि ते उठले नाहीत.

क्लबने रविवारी दुपारी शोकसभा ठेवली. होड्या ठेवायच्या शेडमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या. वार्निशचा वास, भिंतीला उलट्या टांगलेल्या होड्या, समोर बाबांचा तिशीतला फोटो, त्यात डावा खांदा वर. आई पहिल्या रांगेत बसली होती, हातात रुमाल, पण रडत नव्हती. ती तीन आठवड्यांत रडलीच नव्हती. क्लबचे सेक्रेटरी बोलत होते. म्हणाले, "त्यांच्या हातचा सांधा कधी गळला नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझी कानशिलं तापली. शेवटी मलाही दोन शब्द बोलायचे होते आणि मी घरून लिहून आणलेल्या कागदावर जवळजवळ हेच वाक्य होतं.

तेवढ्यात मागे दाराशी लंबू दिसला. म्हातारा झाला होता, वाकला होता, तरी दारापेक्षा उंचच. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठले, खुर्च्यांमधून वाट काढत तडक त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आता आलात?" मी म्हटलं. "एकतीस वर्षं चार रस्ते ओलांडता आले नाहीत तुम्हाला?"

लोक वळून बघायला लागले. तो म्हणाला, "बाहेर चल, बाळ." आणि मी गेले, कारण आत ओरडले असते तर आईला लाज आली असती.

बाहेर लाकडी धक्का आहे, तिथून होड्या पाण्यात सोडतात. लंबूकाका कठड्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, "तो आला होता माझ्याकडे. गेल्या वर्षी. दुकानात."

"बाबा? तुमच्याकडे?"

"गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला. मला वाटलं चष्मा करायला आलाय. तीस वर्षांनी माणूस समोर. मी म्हटलं, नंबर तपासायचाय का? तर म्हणाला, लंब्या, मला एक सांग. त्या दिवशी तुला कळलं होतं का?"

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले.

"कळू दिलं नाही म्हणे!" लंबूकाका एकदम चिडून बोलले. "अगं, दोघांच्या होडीत एक जण दोघांचं ओढतोय, हे पुढच्याला कळत नाही होय? गुडघ्याखाली कळतं. माझा हात मेला होता आणि होडी तर पळतेय. पाचशे मीटर मी वल्हं मारायचं नाटक केलं, कारण तो न ओढल्याचं नाटक करत होता. काठावर लोकांनी मला उचललं तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकदा ओरडला असता मागून, लंब्या, तुझा हात गेलाय, थांब, तर थांबलो असतो. शेवटचे आलो असतो, पण दोघं आलो असतो. नंतर त्याच्या तोंडाकडे बघवेना मला. बोललो असतो तर शिव्या निघाल्या असत्या, आणि त्याने वाईट तर काहीच केलं नव्हतं. मग गेलो."

"हे बाबांना सांगितलंत?"

"सगळं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, आता कळलं मला, तू का उठून गेलास. मी म्हटलं, आता कसं कळलं? म्हणाला, माझी पोरगी माझ्या मागे बसलीय."

नदीवर तेव्हा कुणी नव्हतं. मी कठडा धरला. "कधीपासून कळलं होतं त्यांना?"

"दातांच्या कुठल्या डॉक्टरकडे गेला होता, तिथे."

म्हणजे दुसऱ्याच महिन्यात. "पण मी तर अगदी त्यांच्यासारखाच केला होता," मी म्हटलं. "धागा, सफेदा, सगळं."

"तेच तर. तो म्हणाला, मी खाली पडलो आणि वर बघितलं. सुरेख सांधा. वेढ्याला वेढा, धागे कापलेले, पुसलेला. असा सांधा माझ्या हातून वर्षभरात झाला नाही, लंब्या. असा जगात एकच माणूस करतो, मीच शिकवलंय तिला." लंबूकाकांनी चष्मा काढून पुसला. "तुझी तारीफ करताना त्याचे डोळे भरले होते. आणि लगेच म्हणाला, तिचा असा राग आलाय की काय सांगू."

"राग आला होता?"

"खूप. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मी म्हटलं, मग सोड काम. म्हणाला, सोडलं तर तिला कळेल की मला कळलंय, ती जन्मभर स्वतःला खाईल. मी म्हटलं, मग बोल तिच्याशी. म्हणाला, तिने बोलायला हवं. अकरा वेळा मी तिला तोंडावर सांगितलंय, गळतोय, परत कर. तिला मला एकदा सांगता येऊ नये? रोज संध्याकाळी विचारतो तिला, आज दुपारी कुठे होतीस म्हणून."

विचारायचे. रोज विचारायचे. जेवताना, मान खाली घालून, सहज. आज दुपारी कुठे होतीस गं? आणि मी तोंडात घास असताना पटकन काहीतरी ठोकून द्यायचे, अमक्या शाळेत, तमक्या हॉटेलात. एकदा तर मी एक अख्खी इमारत रचून सांगितली होती, चार मजले, टाकी फुटलेली. त्यांनी टाकी केवढी होती ते विचारलं होतं. मी तेही सांगितलं. सहा महिने तो माणूस सकाळी उठून पिशवी उचलून जात होता, थरथरत्या हाताने सांधे करत होता, ते गळणार हे त्याला माहीत होतं, मी जाणार हेही माहीत होतं, आणि संध्याकाळी तोंड हसरं करून सांगत होता, आज तीन कामं केली. माझ्यासाठी. आणि मी त्या तोंडाकडे बघून खूश व्हायचे.

"माफ केलं का हो त्यांनी मला?" मी विचारलं.

"ते नाही बोलला तो," लंबूकाका म्हणाले. "मला तरी नाही."

आतून सेक्रेटरींनी माझं नाव पुकारलं. मी गेले. फोटोसमोर उभी राहिले, हातातला कागद उघडलाच नाही. समोर साठ माणसं, पहिल्या रांगेत आई. माझा चेहरा बघूनच तिला समजलं असावं, कारण ती मान हलवायला लागली, नको, नको.

मी म्हटलं, "बाबांचे सांधे शेवटच्या वर्षी गळत होते. त्यांचा हात चालत नव्हता. मी मागून जाऊन ते परत केले आणि त्यांना सांगितलं नाही. मला वाटलं ते प्रेम आहे. होतंच ते प्रेम. पण त्यांनी मला जसं वागवलं तसं मी त्यांना वागवलं नाही. ते माझ्या तोंडावर खरं बोलायचे. मला ते जमलं नाही. उत्तम कारागीर होते माझे बाबा, आणि ते मला हवे आहेत." मी खाली बसले. सेक्रेटरी दोनदा खाकरले आणि म्हणाले, सगळ्यांनी चहा घेऊन जावं.

घरी आल्यावर आईने चपला काढल्या, स्वयंपाकघरात जाऊन स्टुलावर बसली. दिवा लावायचंही तिला भान नव्हतं. मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही.

"चारचौघांत बोलायची काय गरज होती?" ती म्हणाली.

"होती."

"लंबूने सांगितलं? ह्यांना ठाऊक होतं म्हणून?"

मी मान हलवली. मग माझ्या लक्षात आलं की तिला आश्चर्य वाटलेलं नाही. "आई," मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली. "पिशवी ठेवली ना त्यांनी, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारी. मी इथेच बसले होते. आले आणि म्हणाले, मला फक्त हो की नाही सांग. पोरगी माझ्या मागून जाते का? तू हो म्हण, म्हणजे मी उद्यापासून तिला बरोबर घेऊन जातो. ती करेल, मी बॅटरी धरेन, कागद ठेवेन. तेवढं येतं मला अजून."

"मग?"

"मी म्हटलं, तुमचं आपलं काहीतरीच. तिला स्वतःची कामं थोडी आहेत का? शपथ घ्या म्हणाले. मी घेतली."

"स्वतःची?"

"तुझी घेतली," आई म्हणाली. "मला वाटलं ते मोडून पडतील गं. मला वाटलं मी त्यांना सांभाळतेय. ते बरं म्हणाले आणि बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचं निमित्त काढलं."

ती माझ्याकडे बघत होती. पासष्ट वर्षांची बाई, शाळकरी मुलीसारखी हात जवळ घेऊन बसलेली, मी काय म्हणते त्याची वाट बघत. मला तिचा असा संताप आला होता की भांडी आपटावीशी वाटली. चार महिने मिळाले असते मला. बाबा बॅटरी धरून शेजारी पडलेले, वरून सूचना देत, भसाड्या आवाजात. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की तिला काय हवंय. जाऊ दे आई, तुला कुठे माहीत होतं, तू चांगल्यासाठीच केलंस. एवढं म्हटलं असतं तर ती उठून दिवा लावणार होती, चहा टाकणार होती, आणि आम्ही दोघी उरलेली वर्षं एकमेकींशी गोड वागत काढणार होतो. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही होतं.

"चुकलीस तू, आई," मी म्हटलं. "फार मोठी चूक केलीस. मीही केली."

ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडायला लागली, आणि मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले.